वटवाघळे व संक्रामक रोग

वटवाघळे व संक्रामक रोग : वन्य वटवाघळांच्या शरीरात व शरीरावर आढळणारे परजीवी, कवके व व्हायरस आणि त्यांच्यापासून माणसाला व पाळीव जनावरांना होणारे रोग यांच्या अभ्यासाला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा दिसतो. रोग प्रथम गुरांत, घोड्यांत, डुकरांत किंवा माणसांत उद्‌भवतो. दुसऱ्याच एखाद्या परिचित रोगाचे नाव त्याला दिले जाते. वटवाघळाकडे लक्ष सर्वांत शेवटी जाते. वटवाघूळ सापडल्यावरही ते आणि माणूस यांच्यामधला दुवा उलगडण्यास आणखी काही काळ जातो. प्रतिबंधाच्या दृष्टीने हा दुवाच निर्णायक ठरला आहे. तो जेथे कळला तेथे वटवाघळाला हात न लावता रोगाला आळा घालता आला. उलट केवळ प्राण्याचा नाश करण्याचे उपाय बहुधा निष्फळ ठरले व काही ठिकाणी तर अपायकारक झाले.

कायरॉप्टेरा गणात १,४०० हून अधिक जाती असून सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे एक-पंचमांश जाती या एकाच गणातील आहेत. त्यांपैकी बहुतेक कीटकभक्षी, काही फलाहारी व मधुरसावर जगणाऱ्या, तर केवळ तीन जाती रक्तावर जगणाऱ्या आहेत. गुहा, जुन्या इमारती व मोठे वृक्ष यांवर शेकडोंपासून लाखोंपर्यंत वटवाघळे दाटीने राहतात, त्यामुळे जंतूंची आपसांत देवघेव सुलभ होते. आकारमानाच्या मानाने ती दीर्घायुषी असतात. काही ग्रॅम वजनाच्या जातीही वीस-तीस वर्षे जगतात. अनेक व्हायरसांच्या बाबतीत त्यांच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा सतत सज्ज असते, परंतु तीव्र दाह होऊ देत नाही, असे अलीकडील संशोधनात आढळले आहे. त्यामुळे माणसाला मारक ठरणारा व्हायरस वटवाघळात निरुपद्रवी रीतीने टिकून राहू शकतो. मात्र यावरून हा गण इतर सर्व प्राण्यांपेक्षा अधिक रोगकारक आहे असे म्हणणे घाईचे होईल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक तुलनेत असे दिसून आले की, एखाद्या गणातून माणसात येणाऱ्या व्हायरसांची संख्या मुख्यतः त्या गणातील जातींच्या संख्येच्या प्रमाणात असते. वटवाघळांच्या जाती पुष्कळ, म्हणून व्हायरसही पुष्कळ.

आरंभीचे संशोधन : हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे भारतात रॉनल्ड रॉस व इटलीत जे. बी. ग्रासी आणि त्यांचे सहकारी सिद्ध करीत होते, त्याच सुमारास म्हणजे १८९८-९९ मध्ये दिओनीसी या इटालियन संशोधकांना वटवाघळांच्या तांबड्या रक्तकोशिकांत हिवतापाच्या परजीवीसारखे प्रोटोझोआ आढळले. मानवेतर सस्तन प्राण्यांतही अशा जातीचे परजीवी असतात याच्या आरंभीच्या पुराव्यांपैकी हा एक होय. या परजीवींचा प्रसार मात्र डासांकडून होत नाही. वटवाघळाच्या लवेत वावरणाऱ्या, पंख नसलेल्या व कोळ्यासारख्या दिसणाऱ्या निक्टेरिबिइडी कुलातील माशा तो करतात. या माशा माणसाकडे वळत नसल्याने हे परजीवी वटवाघळांतच राहिले आहेत. घरातील ढेकणाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पूर्वज वटवाघळांवर जगत असत आणि आदिमानव गुहांचा आश्रय घेऊ लागल्यावर त्यांतील एक शाखा माणसावर स्थिरावली, असे मानले जाते. यूरोपात वटवाघळांवर जगणारी ढेकणाची शाखा आजही अस्तित्वात आहे.

पनामामध्ये घोड्यांना व खेचरांना होणारा ‘मुर्रीना’ हा घातक रोग एका ट्रिपॅनोसोमामुळे होतो. हा परजीवी भारतात ‘सरा’ रोगास कारणीभूत होणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या परजीवीच्या अगदी जवळचा आहे. १९३२ साली एल. एच. डन यांनी पनामातील गॉर्गस स्मारक प्रयोगशाळेत असे दाखवून दिले की, रोगी घोड्याचे रक्त प्यालेले वटवाघूळ हा रोग निरोगी जनावरात पोहोचवू शकते आणि कालांतराने स्वतःही त्याच रोगाने मरते. वाहक प्राणी नेहमीच सुरक्षित असतो या समजुतीला हा चांगला अपवाद आहे.

पनामातच १९०५-०६ मध्ये सॅम्युएल डार्लिंग यांना कालव्यावरील मजुरांच्या शवविच्छेदनात एक नवा सूक्ष्मजीव आढळला. तो प्रोटोझोआ असावा असे समजून त्यांनी त्याला हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम असे नाव दिले. तो वस्तुतः कवक आहे हे पुढे १९३४ मध्ये स्पष्ट झाले, परंतु नाव तेच राहिले. पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत हे कवक वाढते, आणि गुहेत शिरणाऱ्या माणसाच्या पायांनी उडालेल्या धुळीतून त्याची बीजुके फुप्फुसात जातात. वटवाघळांच्या वसतिस्थानांशी असलेला हा संबंध १९५८ मध्ये सी. डब्ल्यू. एमन्स यांनी पुढे आणला. येथे प्राणी माणसाला चावत नाही, शिवतही नाही. रोगाचा दुवा म्हणजे केवळ कोरडी धूळ.

अलर्क रोग व रक्तपायी वटवाघूळ : वटवाघूळ हा माणसाच्या प्राणांतिक रोगाचा वाहक असू शकतो ही कल्पना ज्या घटनांतून मान्य झाली त्या दक्षिण अमेरिकेत घडल्या. ब्राझीलच्या सांता कातारीना प्रांतात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुरांमध्ये पक्षाघाताची मोठी साथ आली. तीत सुमारे ४,००० गुरे व १,००० घोडे आणि खेचरे दगावली. साओ पाउलू येथील पाश्चर संस्थेचे संचालक आंतोन्यो कारीनी यांनी १९११ साली मृत जनावरांच्या मेंदूत नेग्री पिंडे पाहिली. अलर्क रोगाने मेलेल्या प्राण्याच्या तंत्रिका कोशिकांत आढळणारी ही पिंडे १९०३ साली आदेल्की नेग्री यांनी वर्णिलेली असून त्या काळी निदानाची ती मुख्य खूण होती [⟶ अलर्क रोग]. परंतु त्या प्रदेशात पिसाळलेल्या कुत्र्यांचा सुळसुळाट नव्हता. वटवाघळे भर दिवसा उडतात व गुरांना चावतात असे तेथील शेतकरी सांगत. त्यांचे हे म्हणणे कारीनी यांनी गंभीरपणे घेतले व रोगाचा प्रसार वटवाघळे करीत असावीत असे लिहिले. यूरोपातील तज्ञांना ते पटले नाही. पुढील काही वर्षांत हाउप्ट व रेहाग या जर्मन पशुवैद्यांनी त्याच प्रांतातील वटवाघळाच्या मेंदूत नेग्री पिंडे दाखविली, तरीही शंका मिटली नाही. निरक्षर शेतकऱ्यांचे निरीक्षण खरे आणि अभ्यासकांची शंका चुकीची, असा हा प्रकार होता.

शंकेचे पूर्ण निरसन त्रिनिदाद बेटावर झाले. तेथे १९२५ मध्ये गुरे पाय लुळे पडून मरू लागली आणि हा दूषित खाद्यातून होणारा बॉट्युलिझम आहे असे निदान झाले. १९२९ मध्ये माणसे आजारी पडू लागली. ज्वर, पायांत मुंग्या येणे व जळजळ होणे, नंतर खालून वर चढत जाणारा पक्षाघात आणि काही दिवसांत मृत्यू असा रोगाचा क्रम होता. पाण्याची भीती, उन्माद ही अलर्क रोगाची सर्वपरिचित लक्षणे ठळक नव्हती, कुत्रा चावल्याचा इतिहासही नव्हता. म्हणून डॉक्टरांनी हा बालपक्षाघात मानला. बेटावरील शासकीय जंतुशास्त्रज्ञ जोसेफ लेनॉक्स पवन (१८८७–१९५७) यांना मृतांच्या मेंदूत नेग्री पिंडे आढळली. लंडनमधील ई. डब्ल्यू. हर्स्ट यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये ही साथ म्हणजे दंशाचा इतिहास नसलेला अलर्क रोग असल्याचे जाहीर केले.

दंश नव्हता हे मात्र खरे नव्हते. डेस्मोडस रोटंडस हे रक्तपायी वटवाघूळ रात्री गाढ झोपलेल्या माणसाच्या पायाच्या बोटाला वस्तऱ्यासारख्या दातांनी इतकी बारीक जखम करते की, झोपमोड होत नाही. लाळेतील द्रव्यामुळे रक्त गोठत नाही आणि वटवाघूळ ते चाटून पिते. सकाळी अंथरुणावर रक्ताचे डाग दिसत, पण भागातील लोकांना ते इतके सवयीचे झाले होते की, रोगाच्या संदर्भात ते सांगण्याजोगे कोणालाच वाटले नाही. पवन यांना १९३२ मध्ये व्हायरसबाधित रक्तपायी वटवाघूळ सापडले. त्यांनी वटवाघळांना पिंजऱ्यात पाळून त्यांच्या दंशाने रोग होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. त्यावरील त्यांचा विस्तृत लेख १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाधित वटवाघूळ कित्येक महिने निरोगी राहून लाळेतून व्हायरस सोडू शकते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पुढील संशोधकांनी जसाच्या तसा स्वीकारलेला नाही, कारण या रोगाने वटवाघळेही मरतात असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. या साथीत ऐंशीहून अधिक माणसे व हजारो गुरे मृत्युमुखी पडली.

साध्या साधनांनी काम करणाऱ्या एका वसाहतीतील जंतुशास्त्रज्ञाने केलेले हे कार्य व्हायरसशास्त्राच्या इतिहासात मोठे मोलाचे आहे. त्या मानाने पवन यांचे नाव फारसे घेतले जात नाही.

नियंत्रणाचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एकीकडे गुरांना लस टोचणे, निजताना मच्छरदाणी वापरणे व दारे-खिडक्यांना जाळी बसविणे हे उपाय होते. दुसरीकडे वटवाघळांचा संहार होता. दक्षिण अमेरिकेत गुहा सुरुंगाने उडविल्या गेल्या, त्यांत विषारी वायू सोडले गेले. रक्तपायी व इतर वटवाघळे यांत कोणी भेद केला नाही. त्यामुळे परागण करणाऱ्या व कीटक खाणाऱ्या निरपराध जातींचाच अधिक नाश झाला. १९७० नंतरच्या दशकात मेक्सिकोत रक्त गोठू न देणारे औषध मलमात मिसळून ते पकडलेल्या रक्तपायी वटवाघळांच्या पाठीला लावून त्यांना सोडून देण्याची पद्धत आली. ही वटवाघळे एकमेकांचे अंग चाटतात, त्यामुळे एकामागून अनेक मरतात. ही पद्धत त्या एका जातीपुरती मर्यादित राहते हा तिचा गुण होय. परंतु पेरू देशात केलेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वसाहतीचा आकार व व्हायरसाच्या संपर्काचे प्रमाण यांत संबंध आढळला नाही. संहारानंतर संपर्काचे प्रमाण घटले नाही. प्रौढ वटवाघळे मारली गेली, तर व्हायरसाला मुख्यतः सामोरी जाणारी अल्पवयीन वटवाघळे मागे उरली.

रक्त न पिणाऱ्या वटवाघळांतही अलर्क रोग व त्याच्या जवळचे व्हायरस असतात हे क्रमाने कळत गेले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात एका मुलाला चावलेले कीटकभक्षी वटवाघूळ बाधित निघाले. १९५६ मध्ये नायजेरियातील लागोस येथे फलाहारी वटवाघळांतून एक नवा व्हायरस मिळाला, तर १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणखी एक. भारतात या रोगाने होणारे जवळजवळ सर्व मृत्यू कुत्र्याच्या दंशामुळे होतात, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मारबर्ग व सार्स : १९६७ साली जर्मनीतील मारबर्ग व फ्रँकफुर्ट आणि यूगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे युगांडातून आणलेल्या माकडांच्या संपर्कातून ३१ जणांना एक अज्ञात रक्तस्रावी ज्वर झाला व ७ जण मरण पावले. माकडे स्वतःच या रोगाने मरत असल्याने ती मूळ आश्रयस्थान नव्हती. मूळ सापडण्यास चाळीस वर्षे लागली. २००७ मध्ये युगांडातील किटाका खाणीत कामगार आजारी पडले. तेथील रूसेटस ईजिप्टिॲकस या गुहावासी फलाहारी वटवाघळांतून मारबर्ग व्हायरस वेगळा काढण्यात आला. खाणीतील लोकांनी घाबरून तेथील वटवाघळांचा नायनाट केला. काही वर्षांत खाणीत पुन्हा वटवाघळे येऊन राहिली. २०१२ मध्ये त्याच भागात रोग उद्‌भवल्यावर जेव्हा त्यांची तपासणी झाली, तेव्हा पूर्वी सुमारे ५ टक्के असलेले बाधेचे प्रमाण १३ टक्क्यांवर गेलेले आढळले. रिकाम्या जागी बाहेरून आलेल्या, प्रतिकारक्षमता नसलेल्या नव्या प्राण्यांत व्हायरस अधिक वेगाने पसरला, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात २००२ च्या अखेरीस सुरू झालेल्या सार्स रोगाने ८,००० हून अधिक माणसांना ग्रासले व ७७४ बळी घेतले. संशय प्रथम बाजारात विकल्या जाणाऱ्या उदमांजरांवर आला. २००५ मध्ये नालनास वटवाघळांत त्याच गटातील करोनाव्हायरस सापडले. २०१९ च्या अखेरीस उद्‌भवलेल्या कोविड-१९ च्या व्हायरसाचे निकटचे नातलगही चीन व लाओस येथील नालनास वटवाघळांतच मिळाले आहेत, परंतु तेथून माणसापर्यंतचा मार्ग सिद्ध झालेला नाही. तरीही २०२० मध्ये पेरूसह काही देशांत लोकांनी वटवाघळांच्या वसाहतींवर हल्ले केले.

निपा : सप्टेंबर १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या हेंड्रा या उपनगरात शर्यतीचे घोडे व त्यांचा एक प्रशिक्षक एका नव्या व्हायरसाने मरण पावले. मोठ्या फलाहारी वटवाघळांत (टेरोपस प्रजाती) हा व्हायरस १९९६ मध्ये आढळला. घोडा हाच मधला दुवा असल्याने घोड्यांसाठी २०१२ मध्ये लस उपलब्ध करण्यात आली. या शोधामुळेच पुढची साथ उलगडण्यास मदत झाली.

ही साथ मलेशियातील पेराक राज्यात ईपो शहराजवळ सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. वराहपालन करणाऱ्या लोकांना मस्तिष्कशोथ होऊ लागला. हा डासांमार्फत पसरणारा जपानी मस्तिष्कशोथ समजून धूरफवारणी व लसीकरण जोरात सुरू झाले. पण लस घेतलेलेही आजारी पडत होते. मुलांऐवजी प्रौढ अधिक बाधित होत होते. शेजारीच राहणारे, पण डुकरे न पाळणारे मलाय लोक मोकळे राहत होते. डासाला असा भेदभाव करता येत नाही. डुकरांनाही दूरवर ऐकू जाणारा मोठ्या आवाजाचा खोकला झाला होता. ती घाईने विकली गेल्याने रोग दक्षिणेकडील नग्री संबिलान राज्यात व सिंगापूरमध्ये पोहोचला. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील का बिंग चुआ यांनी एका रुग्णापासून व्हायरस वेगळा काढला. तो हेंड्रा व्हायरसाचा नातलग निघाला व रुग्णाच्या गावावरून त्यास निपा हे नाव मिळाले. मलेशियात २६५ रुग्णांपैकी १०५ दगावले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. चुआ व त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे ट्योमान बेटावरील टेरोपस वटवाघळांच्या मूत्रात व त्यांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळात हाच व्हायरस सापडला. वराहपालन केंद्रांच्या आवारातच आंब्याची व इतर फळझाडे होती. उष्टी फळे खाली पडत व डुकरे ती खात. फळबागा व डुकरे यांची फारकत केल्यानंतर मलेशियात ही साथ पुन्हा आलेली नाही.

भारतातील पहिली साथ जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे आली. ६६ रुग्णांपैकी ४५ मृत्यू पावले. लागण बहुतांशी रुग्णालयांत झाली. रुग्णांची सेवा करणारे कर्मचारी व भेटीस येणारे नातेवाईक तीत सापडले. त्या वेळी निदान झाले नाही. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील (स्थापना १९५२) व इतर संशोधकांनी जपून ठेवलेले नमुने तपासल्यावर तो निपा असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी, २००१ मध्ये, बांगला देशातही हा रोग दिसला व नंतर जवळजवळ दर हिवाळ्यात येत राहिला. तेथे डुकरांचा संबंध नव्हता. हिवाळ्यात तेथे शिंदीच्या झाडाची नीरा काढतात. खोडाचा वरचा भाग तासून त्याखाली रात्रभर मडके टांगतात व पहाटे ती ताजी नीरा न उकळता पितात. २००४-०५ च्या हिवाळ्यात टांगाइल जिल्ह्यातील रुग्णांच्या चौकशीत हीच नीरा समान धागा असल्याचे दिसून आले. झाडांवर अवरक्त किरणांचे कॅमेरे बसविले असता वटवाघळे रात्री येऊन तासलेला भाग चाटतात, मडक्यात लाळ व मूत्र पडते, हे प्रत्यक्ष दिसले. यावरचा उपायही खेड्यातलाच आहे : बांबूच्या कामट्यांचे किंवा तागाच्या काड्यांचे विणलेले झाकण तासलेल्या भागावर व मडक्यावर बांधले की वटवाघूळ नीरेपर्यंत पोहोचत नाही. नीरा उकळून गूळ केल्यास व्हायरस नष्ट होतो. एवढ्या घातक रोगाचा मार्ग काही आण्यांच्या झाकणाने बंद करता येतो, ही गोष्ट प्रयोगशाळेपेक्षा गावात फिरून विचारपूस करणाऱ्यांमुळे कळली. सवयी बदलणे मात्र सोपे नाही. कच्ची नीरा पिण्याची चाल अद्यापि आहे.

केरळमधील कोळिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत मे २०१८ मध्ये आलेल्या साथीत निश्चित निदान झालेल्या १८ रुग्णांपैकी १६ मरण पावले. येथेही पहिल्या रुग्णानंतरची लागण मुख्यतः रुग्णालयांत झाली. रुग्णाच्या घरच्या विहिरीतील पाकोळ्या प्रथम तपासल्या गेल्या, पण त्या कीटकभक्षी असल्याने त्यांत काही मिळाले नाही. नंतर परिसरातील टेरोपस वटवाघळांत व्हायरस आढळला. २०२१ व २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात पुन्हा रुग्ण निघाले. २०१८ च्या अनुभवामुळे निदान व विलगीकरण लवकर झाले आणि २०२३ मध्ये ६ रुग्णांपैकी २ मृत्यूंवर साथ थांबली.

महाराष्ट्रात पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वर येथील गुहेतील रूसेटस लेशेनॉल्टाय या वटवाघळांचे नमुने वेळोवेळी घेतले आहेत. २०१० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत एक नवा व्हायरस मिळाला व त्यास मालसूर हे नाव देण्यात आले. तो माणसाला बाधतो असे आढळलेले नाही. मार्च २०२० मधील नमुन्यांत निपा व्हायरसाच्या संपर्काच्या खुणा व त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यात माणसांत या रोगाची साथ झाल्याची नोंद तोपर्यंत नव्हती. वृत्तपत्रांतील मथळ्यांमुळे काही काळ घबराट पसरली, तरी या निष्कर्षाचा अर्थ मर्यादित आहे : व्हायरस वटवाघळांत वावरतो, मात्र तो माणसापर्यंत आणणारा दुवा येथे दिसलेला नाही.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये फलाहारी वटवाघळे कावळा व उंदीर यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात घातली होती, त्यामुळे त्यांना मारण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. फळबागांचे नुकसान एवढेच त्यामागचे कारण होते. वड, उंबर यांच्या बियांचा प्रसार व मोहासारख्या वृक्षांचे परागण ती करतात याचा विचार झालेला नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट रद्द करण्यात आले.